गालिंदोचा सातबारा

निवृत्त फुटबॉलपटूचं नाव शोधलं की पहिल्यांदा समोर येतो तो एक तक्ता. वर्ष, क्लब, सामने, गोल. मायकेल गालिंदो या क्युबन स्ट्रायकरचा तक्ता उघडलात तर बहुतेक "बरा होता" म्हणून पुढे जाल. आधी क्युबातला व्हिया क्लारा, मग अमेरिकेत सिएटल साऊंडर्स, चिवास यूएसए, शेवटी एफसी डॅलस. एका हंगामात 12 गोल, बाकी किरकोळ. राष्ट्रीय संघाच्या रकान्यात 2005 नंतर काहीच नाही. गालिंदोचा जन्म जानेवारी 1981 चा, म्हणजे देशाकडून शेवटचा सामना खेळला तेव्हा तो 24 वर्षांचा होता. स्ट्रायकरची खरी उमेद ज्या वयात सुरू होते, त्याच वयात हा रकाना बंद झाला.

जमीन घेताना जाणता माणूस सातबाऱ्यावर नुसतं क्षेत्र बघत नाही, आधी 'इतर हक्क' वाचतो. बोजा, कूळ, वाद, जे काही असेल ते तिथे असतं. गालिंदोचा तक्ता तसाच वाचायचा आहे. त्यातल्या गोलांपेक्षा त्यावर चढलेला बोजा जास्त बोलका आहे, आणि तो बोजा समजला की त्याच्यासारख्या डझनभर क्युबन खेळाडूंची कारकीर्द आपोआप समजते.

सुरुवात क्युबातल्या खेळाच्या व्यवस्थेपासून करू. 1959 मध्ये क्रांती झाली. 1961 मध्ये 'इंदेर' ही सरकारी क्रीडासंस्था उभी राहिली आणि पाठोपाठ व्यावसायिक खेळ बंद झाला. सामन्याला तिकीट नाही, क्लबला मालक नाही, खेळाडूला करार नाही. खेळ हा जनतेचा हक्क, तो विकायचा नाही, हा त्यामागचा विचार. यात खोटं काही नव्हतं. मुष्टियुद्धात, ॲथलेटिक्समध्ये या छोट्या बेटाने भल्याभल्यांना पाणी पाजलं ते याच व्यवस्थेच्या जोरावर.

आपल्याकडे खेळाडू रेल्वेत, पोलिसात, बँकेत नोकरीला लागतो, हजेरीपटावर त्याचं नाव असतं आणि तो दिवसभर मैदानावर असतो. क्युबन खेळाडूची स्थिती वरवर तशीच होती, फक्त तिथे सगळ्या देशाचा मिळून एकच मालक. नोकरी बदलायची तर जायचं कुठे? 2005 च्या सुमारास क्युबात सरकारी पगार सरासरी महिन्याला 20 डॉलरच्या आत होता. रेशन, शाळा, दवाखाना वेगळे, हे मान्य. पण विमानाने परदेशी जाऊन समोरच्या संघातल्या खेळाडूचे बूट बघितले की हिशेब डोक्यात सुरू होणारच.

त्यात फुटबॉल म्हणजे क्युबात सावत्र लेकरू. बेटाचा जीव बेसबॉलमध्ये. फुटबॉलची थोरवी विचाराल तर 1938 ची. त्या वर्षी फ्रान्समधल्या विश्वचषकात क्युबाने रोमानियाला आधी 3-3 असं रोखलं, मग फेरसामन्यात 2-1 ने हरवलं, आणि पुढच्या सामन्यात स्वीडनकडून 8 गोल खाल्ले. त्यानंतर पुरुषांचा विश्वचषक क्युबाने टीव्हीवरच पाहिला. तरी काही ठिकाणी फुटबॉलचं वेड टिकून आहे. व्हिया क्लारा प्रांतातलं सुलुएता हे गाव त्यातलं. बाकी देश बॅट घेऊन धावतो तेव्हा हे गाव पायाने खेळतं. गालिंदो याच प्रांताच्या संघातून वर आला.

त्याच्या पिढीचा क्युबा संघ लेचापेचा नव्हता. 2003 च्या गोल्ड कपमध्ये (उत्तर आणि मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांची ही अजिंक्यपद स्पर्धा) क्युबाने कॅनडाला 2-0 ने हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. पण मला त्याहून जास्त चटका लावतं ते 2004. विश्वचषक पात्रतेत समोर कोस्टा रिका. हवानात 2-2, परतीच्या सामन्यात 1-1. दोन्ही सामन्यांत क्युबा हरला नाही, आणि बाहेर मात्र पडला. कारण तेव्हाचा नियम: एकूण गोल सारखे असतील तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे. कोस्टा रिकाने हवानात दोन केले होते, क्युबाने त्यांच्या घरी एकच. तोच कोस्टा रिका पुढे 2006 च्या विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना जर्मनीशी खेळला. एक गोल इकडचा तिकडे झाला असता, तर क्युबाच्या या मुलांचा रस्ता किमान अजून थोडा लांबला असता.

मग जुलै 2005, सिएटल. गोल्ड कपचा पहिलाच सामना क्युबा विरुद्ध अमेरिका. क्युबाने आघाडी घेतली. लेस्तेर मोरेने गोल केला तेव्हा स्टेडियम गप्प झालं असणार. मध्यंतराआधी बरोबरी झाली आणि अगदी शेवटच्या काही मिनिटांत धडाधड तीन गोल होऊन निकाल 4-1 लागला. नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटेल एकतर्फी सामना. दोन दिवसांनी कोस्टा रिकाविरुद्ध 3-1 अशी हार झाली. क्युबाचा तो एकमेव गोल गालिंदोचा.

संघ पुढच्या सामन्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉस्टनजवळच्या फॉक्सबरोला गेला. गालिंदो गेला नाही. सिएटलमध्येच तो संघापासून वेगळा झाला.

या कृतीला क्युबात दोन शब्द आहेत. सरकारी भाषेत असा माणूस 'देसेर्तोर', म्हणजे रणांगण सोडून पळालेला शिपाई. गल्लीतल्या माणसाच्या तोंडी मात्र 'से केदो'. राहिला. पळाला नाही, गेला नाही, फक्त राहिला. बाकीचे परत आले आणि हा तिकडेच राहिला, इतकंच. दोन शब्दांत केवढं अंतर.

आता कायद्याकडे वळू, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. क्युबन माणूस अमेरिकेत पोचला की त्याला ठेवून घेतात, एवढं आपण ऐकलेलं असतं आणि डोळ्यांसमोर तराफ्यावरून समुद्र ओलांडणारी माणसं येतात. ते 'वेट फूट, ड्राय फूट' धोरण: समुद्रात सापडलात तर परत, पाय किनाऱ्याला लागले तर आत. 1995 मध्ये सुरू झालं, जानेवारी 2017 मध्ये ओबामांनी जाता जाता बंद केलं. गालिंदोचा त्याच्याशी संबंध नाही. तो रीतसर व्हिसावर, संघाच्या गणवेशात, विमानाने आला होता. त्याच्यासारख्यांच्या कामाचा कायदा वेगळा आणि जुना: 1966 चा क्युबन ॲडजस्टमेंट ॲक्ट. क्युबन नागरिक कायदेशीररीत्या अमेरिकेत आला आणि वर्षभर तिथे राहिला, की तो कायम वास्तव्यासाठी, म्हणजे ग्रीन कार्डसाठी, अर्ज करू शकतो. मेक्सिकोच्या किंवा होंडुरासच्या खेळाडूला अशी सोय नाही. शीतयुद्धाच्या काळात हा दरवाजा खास क्युबनांसाठी केला गेला आणि तो अजून भिंतीत आहे.

याला दुसरी बाजू आहे ती निर्बंधांची. अमेरिकेच्या आर्थिक नाकेबंदीमुळे क्युबात राहणाऱ्या माणसाशी अमेरिकन कंपनीला सहजी व्यवहार करता येत नाही. म्हणजे गालिंदो व्हिया क्लारात बसून, घरच्यांना सांगून, सरळ मार्गाने सिएटलच्या क्लबशी करार करू म्हणाला असता तर क्युबाही नको म्हणाली असती आणि अमेरिकाही. देश सोडून आलास तर स्वागत, देशात राहून आलास तर नाही. दोन सरकारं एकमेकांची तोंडं बघत नसली तरी या एका मुद्द्यावर त्यांचे नियम असे जुळून बसले होते की खेळाडूला हॉटेलचं दार एवढीच वाट उरावी. दोघांनाही आपापल्या जागी तात्त्विक कारणं होती. मला तरी दोन्हीकडची कारणं पटत नाहीत.

बेसबॉलपटू याच पेचातून तिसऱ्याच वाटेने बाहेर पडायचे. ते थेट अमेरिकेत न येता मेक्सिको किंवा डोमिनिकन रिपब्लिक गाठायचे, तिथलं वास्तव्य दाखवायचे आणि मोकळे खेळाडू म्हणून हवा तो सौदा करायचे. कोट्यवधी डॉलरचे करार, म्हणून मध्ये तस्कर आणि दलाल. फुटबॉलमध्ये तेव्हा अमेरिकेत एवढा पैसाच नव्हता. गालिंदोसारख्याला पळवून आणण्यात कोणाचाच फायदा नव्हता, त्यामुळे फुटबॉलपटूंची वाट दलालांच्या बोटीतून कमी आणि गोल्ड कपच्या हॉटेलातून जास्त गेली. ही स्पर्धा 1991 पासून जवळपास कायम अमेरिकेत किंवा अमेरिकेच्या भागीदारीत होते. क्युबन फुटबॉलपटूला दर दोन वर्षांनी अमेरिकन जमिनीवर पाय ठेवायची संधी देणारी एवढी एकच गोष्ट.

राहिला प्रश्न कागदाचा. एका देशाच्या फुटबॉल संघटनेकडे नोंदलेला खेळाडू दुसऱ्या देशात खेळायचा असेल तर जुन्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागतं. मराठी माणसाला हे सांगायची गरज नाही, शाळा सोडल्याचा दाखलाच तो. जुन्या शाळेने दाखला अडवला तर पोरगं अडकलं. पण फिफाने यात एक मुदत घातली होती: मागणी करून 30 दिवस उलटले आणि समोरून उत्तर नाही, तर नव्या ठिकाणी तात्पुरती नोंदणी करता येते. शिवाय क्युबन खेळाडू कागदोपत्री हौशी. ज्याच्याशी करारच केला नाही, त्याने करार मोडला म्हणून पैसे कसे मागणार? व्यावसायिक खेळ नाकारणाऱ्या व्यवस्थेचा खेळाडूला असा आडून फायदा झाला.

गालिंदो त्याच शहरात, त्याच वर्षी सिएटल साऊंडर्सकडून खेळू लागला. हा आजचा झगमगता साऊंडर्स नव्हे. तेव्हा तो दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला संघ होता, प्रशिक्षक ब्रायन श्मेट्झर. 2005 मध्ये साऊंडर्सने ती लीग जिंकली. जुलैत जो माणूस भाषा येत नसलेल्या शहरात एकटा राहिला, तो काही महिन्यांत विजेत्या संघात होता.

2007 मध्ये तो चिवास यूएसएकडे, म्हणजे अमेरिकेच्या अव्वल लीगमध्ये, एमएलएसमध्ये आला. हा क्लब म्हणजे मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा क्लबने लॉस एंजेलिसजवळ कार्सनला काढलेली शाखा. ग्वादालाहाराची परंपरा फक्त मेक्सिकन खेळाडू घ्यायची, आणि इकडच्या शाखेत पुढे खेळायला क्युबन गालिंदो आणि त्याच्या जोडीला क्रोएशियन वंशाचा अमेरिकन आन्ते राझोव्ह. प्रशिक्षक प्रेकी, मूळचा बेलग्रेडचा. पंक्तीला सगळेच पाहुणे, आणि स्वयंपाक मात्र झकास झाला. गालिंदोने 12 गोल केले, राझोव्हने 11. चिवास यूएसए पश्चिम विभागात 53 गुणांसह पहिला आला. बाद फेरीत कॅन्सस सिटीने दोन सामन्यांत मिळून फक्त एका गोलाने त्यांना घरी पाठवलं.

कार्सनचं ते स्टेडियम दोन संघांचं सामायिक होतं, दुसरा एलए गॅलक्सी. त्याच 2007 च्या उन्हाळ्यात गॅलक्सीकडे डेव्हिड बेकहॅम आला. त्याचं त्या वर्षीचं हमीचं मानधन 65 लाख डॉलर. त्याच लीगमध्ये त्याच वर्षी शिकाऊ खेळाडूचा किमान वार्षिक पगार 12,900 डॉलर होता. बेकहॅम त्या हंगामात घोट्याच्या आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे लीगचे फक्त 5 सामने खेळू शकला आणि त्यात त्याचा गोल नाही. जगातले सगळे कॅमेरे त्या मैदानावर होते ते बेकहॅमसाठी. त्याच गवतावर, आठवड्यातल्या वेगळ्या दिवशी, गालिंदो गोलांमागून गोल करत होता. बेकहॅमचा राग नाही, पण कोणाची कारकीर्द जगाच्या लक्षात राहते याचं इतकं सरळ उदाहरण शोधून सापडायचं नाही.

पुढचे हंगाम दुखापतींनी खाल्ले. गालिंदो वेगावर जगणारा खेळाडू होता: बचावपटूच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत चेंडू सुटायचा आणि हा त्याच्यामागे. असा खेळाडू अर्ध्या पावलाने जरी मंदावला तरी संपतो, कारण ते अर्धं पाऊल म्हणजेच त्याचं भांडवल. 2007 चा गालिंदो पुन्हा दिसला नाही. नंतर एफसी डॅलसकडून थोडा खेळला, आणि तक्ता संपला. चिवास यूएसए हा क्लबही 2014 मध्ये गुंडाळला गेला.

आता 'इतर हक्का'तला मोठा बोजा: राष्ट्रीय संघ. 2007 मध्ये गालिंदो लीगमधल्या चांगल्या स्ट्रायकरांपैकी एक होता आणि क्युबाला स्ट्रायकर हवा होता. तरी त्याला बोलावणं शक्य नव्हतं, कारण संघाची दारं 'राहिलेल्यां'ना बंद. मग अमेरिकेकडून? तेही नाही. फिफाच्या नियमानुसार एका देशाच्या वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेत खेळलेला माणूस दुसऱ्या देशाकडून खेळू शकत नाही (2020 मध्ये यात थोडी ढील दिली, तीही कोवळ्या वयात मोजके सामने खेळलेल्यांना). ओस्वाल्दो अलोन्सो हा मधल्या फळीतला क्युबन 2007 च्या गोल्ड कपच्या वेळी ह्यूस्टनमध्ये राहिला, 2012 मध्ये अमेरिकन नागरिक झाला, 2016 मध्ये श्मेट्झरच्याच हाताखाली साऊंडर्सकडून एमएलएस अजिंक्यपद जिंकला. वर्षानुवर्षं लीगमधल्या उत्तम खेळाडूंत त्याची गणना झाली. अमेरिकेकडून तो एकही सामना खेळू शकला नाही. पासपोर्ट बदलतो, फुटबॉलमधली जात बदलत नाही.

क्युबाच्या बाजूने हे कसं दिसत असेल? मार्च 2008 मध्ये टॅम्पाला ऑलिम्पिक पात्रतेचे सामने होते. 23 वर्षांखालील क्युबा संघाने अमेरिकेला 1-1 असं रोखलं. ही मोठी गोष्ट होती, आनंद करायची रात्र. त्यानंतर सात खेळाडू हॉटेलातून नाहीसे झाले. होंडुरासविरुद्धच्या पुढच्या सामन्याला उभं करायला माणसं मोजली तर अकरा उरली होती, आणि त्यातल्या एकावर लाल कार्डामुळे बंदी. क्युबा दहा जणांनी मैदानात उतरली. बदली खेळाडूंचा बाक रिकामा. दहा जणांनी राष्ट्रगीत म्हटलं, नव्वद मिनिटं खेळले, 2-0 ने हरले आणि परत गेले. ऑक्टोबर 2012 मध्ये टोरांटोला कॅनडाविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्याआधी तीन खेळाडू गायब झाले, सोबत संघाचा मानसशास्त्रज्ञही. खेळाडूंचं मन सांभाळायला नेमलेला माणूसच गेला म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? त्या दिवशी अकरा जण होते, पण बाक पुन्हा रिकामा.

मला त्या दहा जणांचं नेहमी कुतूहल वाटतं. गालिंदोसारख्यांवर लिहिलं जातं, निदान एक तक्ता तरी निघतो. जे हॉटेलातच झोपले आणि सकाळी उठून मोजे चढवले, त्यांनाही त्या रात्री तेच दार दिसलं असणार.

2013 हे वर्ष बदलाचं. क्युबाने परदेशी जाण्यासाठी लागणारा सरकारी परवाना काढून टाकला. आधी 'राहिलेल्या' खेळाडूंना, आठ वर्षं उलटली असतील तर, भेटीला येण्याची मुभा दिली. गालिंदोला त्या वर्षी जुलैत आठ वर्षं पूर्ण होत होती. त्याच वर्षी खेळाडूंना 'इंदेर'च्या मार्फत परदेशी क्लबांशी करार करण्याची परवानगी मिळाली. पुढे मेक्सिकोच्या क्रूझ अझुल क्लबने दोन क्युबन घेतले, त्यातला एक स्ट्रायकर, नाव मायकेलच, मायकेल रेयेस. या मायकेलला हॉटेलच्या दारातून जावं लागलं नाही.

राष्ट्रीय संघाचं दार त्यानंतरही बरीच वर्षं बंदच होतं. ते किलकिलं झालं मार्च 2021 मध्ये, विश्वचषक पात्रतेच्या वेळी. परदेशी क्लबांत स्वतःच्या हिमतीवर खेळणाऱ्या काही क्युबनांना पहिल्यांदा बोलावणं गेलं. त्यात ओनेल एर्नांदेस होता, क्युबात जन्मलेला, लहानपणी जर्मनीला गेलेला आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नॉर्विचकडून मँचेस्टर युनायटेडवर गोल केलेला. पण अट कायम राहिली: देश रीतसर सोडलेले चालतील, संघ सोडून राहिलेले चालणार नाहीत. पहिला सामना ग्वातेमालाशी झाला, क्युबा 1-0 ने हरली. गालिंदो तेव्हा 40 वर्षांचा होता.